निळी म्हणून आणलेली हायड्रेंजिया गुलाबी फुलली, परत निळी कशी करू? (सातारा)

गोडोलीकरीण | ११ मे, रात्री
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या वर्षी मे महिन्यात महाबळेश्वरहून येताना रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून हायड्रेंजियाचं रोप आणलं होतं. त्याला एकच गेंद होता, पण नारळाएवढा, आणि रंग असा निळा की शेजारच्या काकू प्लास्टिकचं आहे का म्हणून हात लावून बघून गेल्या. पावसाळ्यात पिशवी फाटायला लागली म्हणून मोठ्या कुंडीत हलवलं, माती आमच्या अंगणातलीच, चांगली काळीभोर. झाड मस्त वाढलं, या वर्षी तीन गेंद आले आणि तिन्हीच्या तिन्ही गुलाबी! म्हणजे वाईट नाही दिसत, पण मी निळं आणलं होतं ना. नर्सरीवाल्याने फसवलं म्हणावं तर निळं फूल मी माझ्या डोळ्यांनी बघून आणलंय. ह्यांचं म्हणणं, रंग मारलेला असेल. सासूबाईंचं म्हणणं, काकूंची दृष्ट लागली, मीठमिरच्या ओवाळून टाक. परत निळं होईल का, की तसंच सोडून देऊ?

कंदी_पेढा | ११ मे
साताऱ्याची हवाच अशी आहे ताई, आलेला माणूस पण दोन महिन्यांत गुलाबी होतो. खुर्ची टाकून बसलोय, चालू द्या.

खिळा_ठोका | ११ मे
सोपं आहे. गंजलेले खिळे चारपाच कुंडीत पुरा, महिन्यात निळं होतं. आमच्या मामींनी केलं होतं.

पाचगणीचा_माळी | १२ मे, पहाटे
ताई, फसवलं बिसवलं काही नाही. झाड तेच, फूल तेच. मी पाचगणीला बंगल्यांच्या बागा करतो, बावीस वर्षं झाली, तिथं हायड्रेंजिया लावली की न सांगता निळी येते आणि खाली वाईला नेली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुलाबी. पसरणीचा घाट उतरला की रंग उतरला असं आम्ही म्हणतो. माती बदलते म्हणून होतं. आता तीन गोष्टी सांगा, मग पुढचं बोलू. कुंडी कसली? पाणी कुठलं? खत काय घातलं? खरं खरं सांगा, लाजू नका.

गोडोलीकरीण | १२ मे
दादा, कुंडी सिमेंटची, ती पांढरी नक्षीवाली मिळते ना तसली, नवीनच होती. पाणी बोअरचं, नळाचं पिण्यापुरतंच येतं. खत म्हणाल तर शेणखत, हाडांचा चुरा आणि दिवाळीनंतर मूठभर डीएपी, फुलं जास्त यावीत म्हणून.
आणि आता लिहितेच, सासूबाई पान खातात, त्यांची चुन्याची डबी त्या मोरीत धूत नाहीत कारण मोरी तुंबते, बाहेर कुंडीत धुतात. ही कुंडी ओट्याजवळच आहे, मला काल रात्री लक्षात आलं.

कंदी_पेढा | १२ मे
सासूबाईंनी चुना लावला!!! धागा संपला, कुलूप लावा.

ठिबक_तासगाव | १२ मे
हसण्यावारी नेऊ नका, पण डबीभर चुन्यानं काय हुतंय ओ. त्या म्हातारीला कशाला बदनाम करता. खरा चुना कुंडी पाजायलीय आणि बोअर पाजायलंय, रोज. नवी सिमेंटची कुंडी पाणी घातलं की चुना सोडत राहते, बाहेरून पांढरी फुली येते बघा, ते तेच. आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट. आम्ही द्राक्षवाले हे सगळं भोगून बसलोय. आमच्याकडं माती परीक्षणाचा कागद आला की आधी सामू (पीएच, माती आंबट का आम्लारी ते सांगणारा आकडा) बघतो, मग मुक्त चुनखडी किती टक्के ते बघतो. सामू आठच्या पुढं आणि चुनखडी जास्त असली की अन्न जमिनीत असून वेलीला मिळत नाही, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. 
ताई तुमच्या हायड्रेंजियाची नवी पानं पिवळट आहेत का? असली तर डोळे झाकून सांगतो सामू वर गेलाय.

गोडोलीकरीण | १२ मे
आहेत ओ दादा! शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार. मला वाटलं ऊन लागलं.

बारावी_सायन्स | १२ मे
एक शंका. शाळेत शिकलो आम्लात निळा लिटमस लाल होतो आणि आम्लारीत लाल लिटमस निळा. मग चुना घातला तर फूल निळं व्हायला पाहिजे ना? इथं सगळं उलटं चाललंय.

विश्रामबागच्या_बाई | १२ मे, संध्याकाळी
शाबास, हा प्रश्न तीस वर्षांत वर्गात मला फक्त दोघांनी विचारला होता. (सांगलीत रसायनशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त, म्हणून लांबण लागली तर माफ करा.)

लिटमस सरळ आम्ल-आम्लारी बघून रंग बदलतो. हायड्रेंजियाचं तसं नाही. गुलाबी फूल असो की निळं, आतलं रंगद्रव्य एकच, डेल्फिनिडिन जातीचं. ते एकटं असलं की गुलाबी-लाल दिसतं. त्याला ॲल्युमिनियमचा आयन येऊन चिकटला, आणि पेशीतली आणखी काही साथीदार द्रव्यं सोबत असली, की सगळं मिळून निळं दिसतं. म्हणजे निळा रंग ॲल्युमिनियमचा, आम्ल फक्त दार उघडतं. ॲल्युमिनियम तर सगळ्याच मातीत ढिगाने असतं, आपल्या काळ्या मातीत सुद्धा, पण ते पाण्यात विरघळतं सामू साडेपाचच्या खाली गेल्यावर. साडेसहाच्या वर ते कुलपात बंद. मग फूल गुलाबी. मधल्या सामूला जांभळं, किंवा एकाच गेंदात दोन रंग.

आणि आपली काळी माती साधारण साडेसात ते साडेआठ. सामूची पट्टी दहा-दहा पटीची असते हे विसरू नका, आठ आणि साडेपाच यात दिसायला अडीचचा फरक, पण आम्लपणात तीनशेपटीहून जास्त. म्हणून एक लिंबू पिळून काही होत नाही.

जाता जाता, आपण ज्याला पाकळ्या म्हणतोय त्या पाकळ्या नाहीत, ती निदलं आहेत. खरं फूल मध्ये बारीक टिकलीएवढं असतं. म्हणून तर तो गेंद महिना महिना टिकतो.

बारावी_सायन्स | १२ मे
बाई भारी. म्हणजे महाबळेश्वरला ॲल्युमिनियम जास्त?

पाचगणीचा_माळी | १२ मे
बाई जास्त नीट सांगतील पण मी बघितलेलं सांगतो. वर पाऊस किती, साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. एवढं पाणी शतकानुशतकं मातीतून गेलं की चुना धुऊन जातो आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागं राहतं, म्हणून ती माती लाल. जांभ्या दगडाची. कोल्हापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवर, बॉक्साइटच्या खाणी आहेत त्या उगाच नाहीत, बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचाच दगड. त्यामुळं आमच्याकडं हायड्रेंजियाला निळं करावं लागत नाही, ती निळीच असते.

मेढ्याची_सून | १३ मे
मग माझं ऐका, मला उलटा त्रास! आमच्याकडे लाल माती, दारात पाच झाडं, पाचही निळी, जिकडे बघावं तिकडे निळी. मला एक तरी गुलाबी पाहिजे. पुण्याहून गुलाबी म्हणून आणलेलं रोप सुद्धा दोन वर्षांत निळं झालं. ताई तुम्ही आणि मी माती बदलूया का?

विश्रामबागच्या_बाई | १३ मे
मेढ्याच्या सूनबाई, गोडोलीच्या ताईंनी जे नकळत केलं तेच तुम्ही मुद्दाम करा. सिमेंटची कुंडी, थोडी चुनखडीची भुकटी आणि डीएपी.
आणि गोडोलीच्या ताई, तुमच्या यादीत चुन्याशिवाय आणखी एक मोठं विघ्न आहे, डीएपी आणि हाडांचा चुरा, हे कुणी बोललंच नाही. दोन्हीत फॉस्फरस. फॉस्फेट ॲल्युमिनियमला धरून न विरघळणारं संयुग करतं. म्हणजे तुम्ही उद्या माती अगदी आंबट केलीत तरी फॉस्फेटचा ढीग असला तर ॲल्युमिनियम मुळापर्यंत पोचणार नाही.

ठिबक_तासगाव | १३ मे
अरारारा. बाई तुम्ही हे सांगितलं आणि माझी ट्यूब पेटली. माझ्या घरासमोर बायकोनं हायड्रेंजिया लावलीय, मी हुशारी करून ठिबक धुवायला आणलेलं फॉस्फरिक ॲसिड पातळ करून घालत होतो, सामू खाली आणायला. कागदावर सामू सहा दाखवतोय आणि फूल ढिम्म गुलाबी! बायको म्हणती तुमची डिग्री परत करा. म्हणजे ॲसिड घातलं पण त्यातच फॉस्फेट.

विश्रामबागच्या_बाई | १३ मे
अगदी तेच झालं. एका हातानं दार उघडलंत आणि दुसऱ्या हातानं पाहुण्याला बाहेरच धरून ठेवलंत.

ठिबक_तासगाव | १३ मे
मग आता १२:६१:०० आणि ०:५२:३४ ही फॉस्फरसवाली खतं दोन्ही बंद. पालाश (पोटॅश) लागणार तर ०:०:५० देतो, ते सल्फेट आहे, त्यात फॉस्फरस नाही. नत्राला अमोनियम सल्फेट, ते जमीन आंबट पण करतं. घरी पोतं पडलेलंच आहे. ताई तुम्हाला एवढं आणायची गरज नाही, दोन्ही पाव-पाव किलो सुट्टं मिळतं खताच्या दुकानात, ओळख असली की.
आणि एक, कुणी सल्फ्युरिक ॲसिडचा सल्ला दिला तर ऐकू नका, आम्ही शेतात हातमोजे-चष्मा घालून वापरतो, ते अंगणात आणायची वस्तू नाही.

खिळा_ठोका | १३ मे
माझ्या खिळ्यांचं कुणीच मनावर घेतलं नाही.

विश्रामबागच्या_बाई | १३ मे
घेतलं हो. खिळ्यात लोखंड असतं, निळं करतं ॲल्युमिनियम. तुमच्या मामींची माती मुळातच आंबट असणार, खिळ्यांनी श्रेय लाटलं. मामी कुठल्या?

खिळा_ठोका | १३ मे
आंबोलीच्या.

कंदी_पेढा | १३ मे
आंबोलीत खिळा पुरला काय आणि चमचा पुरला काय, निळंच येणार. बसा खाली.

वाचनवेडा_मिरज | १४ मे
विषयांतर करतोय, क्षमस्व. हे झाड मूळचं जपानचं, तिथं त्याला अजिसाई म्हणतात, पावसाळ्यात फुलतं. झिबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर १८२३ ते १८२९ नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता, त्याच्या जपानी सहचरीचं नाव ताकी, लोक ओताकी-सान म्हणत, त्यानं एका हायड्रेंजियाला ‘ओताक्सा’ असं नाव दिलं ते तिच्यावरून. पुढं त्याला जपानमधून हाकललं, बाई तिकडेच राहिली आणि फूल युरोपात गेलं. जपानची माती ज्वालामुखीची आणि पाऊस भरपूर म्हणून तिथं बहुतेक निळी. युरोपात चुनखडीच्या भागात तीच गुलाबी.

कंदी_पेढा | १४ मे
अरे काय आणलंस हे, दुपारच्या जेवणाला डोळे पाणावले.

गोडोलीकरीण | १४ मे
मंडळी काय सांगू, मी डीएपीचा डबा सरळ शेजारी देऊन टाकला. आता नेमकं काय करू क्रमाने सांगा ना कुणीतरी. आणि माती आंबट की खारी हे घरी कळतं का, प्रयोगशाळेत द्यायलाच पाहिजे का?

विश्रामबागच्या_बाई | १४ मे
आकडा हवा असेल तर माती परीक्षणच, कृषी विज्ञान केंद्रात होतं, फी फार नसते. पण अंदाज घरी येतो. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुनखडी आहे. दुसरं, लाल जास्वंदीची चार फुलं गरम पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घ्या. पावसाच्या किंवा एसीतून गळणाऱ्या पाण्यात माती ढवळून निवळू द्या, वरच्या निवळीत जास्वंदीचं पाणी घाला. लालबुंद झालं तर आंबट, हिरवट झालं तर आम्लारीधर्मी. नळाचं पाणी घेऊ नका, मग तुम्ही माती नाही, नळ तपासाल.
आम्ही सांगलीकर खरं तर हळदीनेच तपासणार, हळदीला चुना लागला की लाल, कुंकू तसंच व्हायचं. पण हळद बऱ्याच जास्त आम्लारीला बदलते, साडेसातची माती तिला कळत नाही.

गोडोलीकरीण | १५ मे
फसफसली!! सोडा उघडल्यासारखी. आणि जास्वंदीचं पाणी शेवाळासारखं हिरवं झालं. मुलाने व्हिडिओ काढला, सासूबाई पण येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, डबी घेऊन आत गेल्या.

पाचगणीचा_माळी | १५ मे, पहाटे
मग ताई, त्या मातीला सुधारत बसू नका. काही लोक गंधक घाला म्हणतील, गंधकाने माती आंबट होते हे खरं, जिवाणू ते पचवून आम्ल करतात, महिने लागतात. पण फसफसणाऱ्या मातीत जेवढं आम्ल होईल तेवढं चुनखडी खाऊन टाकते. अंगणात जमिनीत लावलेलं असतं तर मी सांगितलं असतं गुलाबीवर समाधान माना. कुंडीत आहे हे तुमचं नशीब.

आत्ता फुलं आहेत तोवर हलवू नका. पहिला पाऊस लागला की ढगाळ दिवस बघून काढा, मुळावरची जुनी काळी माती जेवढी हलक्या हाताने झडेल तेवढी झाडा. सिमेंटची कुंडी रद्द. प्लास्टिकची, ग्रो बॅग किंवा भाजलेल्या मातीची घ्या, चौदा इंची तरी. भरायला दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा. शेणखत अगदी ओंजळभर, त्यात पण फॉस्फरस असतो. वर पाचोळ्याचं आच्छादन. जागा अशी की सकाळचं ऊन नऊ-दहापर्यंत आणि मग सावली. दुपारी पानं माना टाकतात, ते बघून लगेच पाणी ओतायचं नाही, संध्याकाळी आपोआप उठतात. संध्याकाळी पण नाही उठली तर पाणी कमी.

मग तुरटी. दाढीवाली, किराणा दुकानात मिळते ती चालते, तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम आणि पालाशचंच मीठ. कुटून १५ ग्रॅम ४ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची. आधी साधं पाणी घालून माती ओली करायची, मग हे. महिन्यातून दोनदा, नवीन मुळं धरल्यावर म्हणजे ऑगस्टपासून. एकदम जास्त घातली तर मुळं जळतात, पानाच्या कडा करपतात. मी पहिल्या वर्षी एका बंगल्यावर मूठ मूठ घालून दोन झाडं मारलीत, मालक आजही नाव काढतो.

सडा_राखा | १५ मे
लाल मातीवरून एक विनंती. कृपा करून घाटातून, कासच्या रस्त्यावरून, जंगलातून पोती भरून आणू नका. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, आणि तो सड्यावरचा मातीचा थर मुळात वितभर. कासला आपण पोरांना फुलं तोडू नका म्हणून ओरडतो आणि येताना डिकीत माती भरतो. नर्सरीत विकत मिळते, विचारून घ्या कुठून आणली.

पाचगणीचा_माळी | १५ मे
बरोबर बोललात. माझ्याकडून लिहायचं राहिलं.

गोडोलीकरीण | १५ मे
आणि पाण्याचं काय करू, बोअरशिवाय दुसरं नाही.

ठिबक_तासगाव | १५ मे
पावसाळाभर पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवा, जमेल तेवढं भरून झाका. उन्हाळ्यात एसीचं गळणारं पाणी, ते चुन्याविना असतंय, सोन्यासारखं. पण पिण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी अजिबात घालू नका, बरेच जण घालतात झाडांना, त्यात बोअरचे सगळे क्षार एकवटलेले असतात. बोअरचंच घालायची वेळ आली तर १० लिटरच्या बादलीत ३ ग्रॅमभर लिंबूसत्व टाका, आदल्या रात्री नाही, घालताना. आणि पिवळ्या पानांना चिलेटेड फेरस, म्हणजे मुळांना घेता येईल असं लोखंडाचं खत, साधं हिराकस नको, चुनखडीत ते लगेच बसतं.

मिरज_लोंढा_पॅसेंजर | १६ मे
माझ्याकडे पांढरी आहे. तुरटी घातली तर निळी होईल ना?

विश्रामबागच्या_बाई | १६ मे
नाही. पांढरीत ते रंगद्रव्यच नसतं, ॲल्युमिनियम येऊन चिकटणार कशाला? काही पांढऱ्या जाती जुन्या होताना गुलाबी छटा घेतात, त्याचा मातीशी संबंध नाही.

जुना_बाजार | १६ मे
चहाचा चोथा? आमची आई सगळ्या कुंड्यांत तोच घालते.

विश्रामबागच्या_बाई | १६ मे
गंमत म्हणजे चहाचं झाड पण हायड्रेंजियासारखंच, ॲल्युमिनियम पानात साठवणारं. पण चोथ्यानं आठचा सामू साडेपाच होत नाही. साखर-दुधाचा असेल तर मुंग्या नक्की होतील. धुऊन पाचोळ्यात कुजवा, खत म्हणून ठीक. कॉफीचंही तेच.

पाचगणीचा_माळी | १६ मे
अजून एक राहिलं, छाटणी. दिवाळीत सगळ्या झाडांबरोबर हिला पण कापू नका. पुढच्या वर्षीची फुलं याच वर्षीच्या फांदीवर धरतात, थंडीत कापली की कळ्या गेल्या. फुलं सुकली की लगेच, पावसाच्या सुरुवातीला, खालच्या दोन जाड डोळ्यांवर कापायचं आणि मग हात लावायचा नाही. आणि शेळी असेल तर लांब ठेवा, पानं विषारी असतात.

गोडोलीकरीण | २९ जून
हलवली! पिशवीत नर्सरीची लाल माती आणली, विचारून. जुनी कुंडी रिकामी केली तर आतून पांढरा थर, नखाने निघतोय. छाटलेल्या दोन फांद्या फेकवेनात, सासूबाईंनी त्या त्याच सिमेंटच्या कुंडीत काळ्या मातीत खोचल्या. मी काही बोलले नाही.

गोडोलीकरीण | १७ ऑगस्ट
नवीन पानं हिरवी येतायत. तुरटीचा पहिला डोस दिला. किराणावाल्याने विचारलं, साहेबांची दाढी एवढी वाढलीय का. फुलं नाहीतच तर कळणार कसं रंग बदलतोय का?

पाचगणीचा_माळी | १७ ऑगस्ट
कळणार नाही. थांबायचं. उमललेल्या फुलाचा रंग नंतर बदलत नाही, कळी भरताना आत ॲल्युमिनियम हजर पाहिजे, म्हणून आधीपासून द्यायचं. फेब्रुवारीत कळी दिसायला लागली की परत नियमित.

ठिबक_तासगाव | १० डिसेंबर
इकडं द्राक्षाच्या कामात बुडालोय पण बायकोच्या झाडाला ०:०:५० आणि तुरटी चुकवली नाही. धागा वर आणतोय. ताई काय हाल?

गोडोलीकरीण | १० डिसेंबर
जिवंत आहे. थंडीत थोडी पानं गळली, डोळे फुगलेत. ड्रममधलं पाणी संपत आलंय.

मेढ्याची_सून | ३ एप्रिल
रिपोर्ट देते. कुंडीत चुनखडी, डीएपी, सगळं केलं. एक गेंद उघडलाय, गुलाबी म्हणता येईल असा, सासरे म्हणतात कांद्याच्या सालीचा रंग आहे. मला चालतंय.

गोडोलीकरीण | २६ एप्रिल
मंडळी!! चार गेंद. दोन निळे. मागच्या वेळेसारखे गर्द नाहीत, थोडे जांभळ्याकडे, पण निळेच, काकू परत हात लावून बघून गेल्या. तिसरा अर्धा जांभळा अर्धा गुलाबी, त्या बाजूला मार्चमध्ये गावाला गेलो होतो तेव्हा ह्यांनी बोअरचं पाणी घातलं, म्हणजे मी तरी त्यांनाच दोष देतेय. चौथा अजून हिरवट आहे. आणि सासूबाईंच्या कुंडीतली एक फांदी जगली, तिला लिंबाएवढा गेंद आलाय, झगझगीत गुलाबी. आता डबी त्यातच धुतात, उघडपणे. काल दोन कुंड्या शेजारी ठेवून बघत बसल्या होत्या, म्हणाल्या माझं बिनखर्चाचं आहे.

विश्रामबागच्या_बाई | २६ एप्रिल
मुद्दा आहे त्यांचा. अर्ध्या गेंदाचा दोष मात्र ह्यांच्यावर पूर्ण ढकलू नका, कुंडीत एका बाजूला जुन्या मातीचा गोळा राहिला असेल तर त्या बाजूच्या मुळांना ॲल्युमिनियम कमी मिळतं. यंदा हलवताना बघा.

ठिबक_तासगाव | २७ एप्रिल
आमचं पण निळं! फॉस्फरिक बंद केल्याबरोबर. डिग्री वाचली.

कंदी_पेढा | २७ एप्रिल
फोटो टाका की ओ, वर्षभर नुसतं वाचायलोय.

गोडोलीकरीण | २७ एप्रिल
चढत नाहीये, मोठा आहे म्हणतंय. मुलगा आला की टाकते.

खिळा_ठोका | २८ एप्रिल
बाई, गुलाबाला तुरटी घातली तर निळा होईल का?

विश्रामबागच्या_बाई | २८ एप्रिल
नाही. गुलाबात डेल्फिनिडिन नसतंच. घालू नका.

खिळा_ठोका | २८ एप्रिल
बरं. घातलीय.